दप्तरातील फेरफार आणि खिडकीवरील उतारा



१९४५ च्या मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी वारली शेतकऱ्यांची परिषद भरली व वेठबिगारीला नकार देण्याचा निर्धार तेथे झाला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. त्या इतिहासाचे एक अंग मात्र फारसे बोलले जात नाही, ते म्हणजे वहीचे. कूळ कोण, देणे किती, त्यापैकी फिटले किती, हे ज्या वहीत लिहिले जाई ती वही जमीनदाराच्या किंवा सावकाराच्या घरी असे आणि जो कसत असे त्याला ती वाचता येत नसे. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणाऱ्याचे नाव सरकारी दप्तरात मालक म्हणून चढू लागले. डहाणू-तलासरीकडील माणसाला सातबाऱ्यावरील नावाचे जे महत्त्व वाटते, त्यामागे ही सारी हकीकत आहे.

आज ते दप्तर संगणकावर आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, आणि उताऱ्यासाठी सज्जावर खेटे घालण्याचा त्रास पुष्कळ कमी झाला. परंतु संगणकाबरोबर एक नवी अडचणही आली आहे. पूर्वी गावाचे दप्तर एक होते व ते एका पेटीत होते. आता तीच माहिती महसूल खात्याकडे आहे, तिच्या प्रती बँकेकडे, पीककर्ज देणाऱ्या सोसायटीकडे, भूसंपादन कार्यालयाकडे आणि खरेदी केंद्राकडे आहेत. मूळ ठिकाणी बदल झाला तरी प्रतीत तो आपोआप होत नाही. शेतकरी खिडकीशी उभा राहतो, कारकून पडद्याकडे पाहून सांगतो, आणि पडद्यावरील माहिती गेल्या वर्षीची असते. खोटे कोणीच बोललेले नसते, तरी नुकसान व्हावयाचे ते होतेच.

हे का घडते, ते समजण्यासाठी संगणकाच्या मांडणीची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. मूळ नोंदी जेथे साठविलेल्या असतात त्यास डेटाबेस म्हणतात. तो म्हणजे कचेरीची दप्तरखोली. लोकांची विचारणा घेऊन उत्तर देणारे यंत्र वेगळे असते. त्यास ॲप्लिकेशन सर्व्हर असे नाव आहे. तो म्हणजे खिडकीवरचा कारकून. प्रत्येक विचारणेला दप्तरखोलीत जाऊन यावयाचे तर रांग हलणार नाही, म्हणून हा कारकून वारंवार लागणाऱ्या कागदांच्या नकला आपल्या मेजावर ठेवतो. संगणकतज्ज्ञ या मेजावरील नकलांना कॅशे म्हणतात. दप्तरखोलीत लिहिणारा हा एकटाच कारकून असता तर अडचण नव्हती. आपण केलेला बदल त्याला ठाऊकच असता. परंतु त्याच दप्तरात दुसऱ्या खात्याचा माणूस मागच्या दाराने येऊन नोंद करतो आणि खिडकीवरच्याला त्याचा पत्ता नसतो. मेजावरील नक्कल केव्हा शिळी झाली हे त्याला कसे कळावे, एवढाच हा प्रश्न आहे.

प्रश्न नवा वाटतो, परंतु महसूल खात्याने तो शंभर वर्षांहून अधिक काळ हाताळला आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा १९०३ साली झाला, आणि त्यातून जी पद्धत रूढ झाली तिचा कणा म्हणजे गाव नमुना सहा, अर्थात फेरफार नोंदवही. सातबाऱ्यावरील नाव कोणी थेट खोडून बदलत नाही. बदल आधी फेरफार नोंदवहीत क्रमांकाने लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, आणि मगच त्याचा अंमल सातबाऱ्याला दिला जातो. त्या नावापाशी वर्तुळात फेरफार क्रमांक घालण्याची रीत होती. तो क्रमांक पाहून कोणालाही मागे मागे जात मूळ कारणापर्यंत पोहोचता येई. नोंदवहीत ओळ पुसली जात नाही. चूक झाली तर ती दुरुस्त करणारा नवा फेरफार होतो. आज मोठमोठ्या बँकांची संगणकयंत्रणा ज्यास लॉग म्हणते, म्हणजे बदलांची क्रमवार व न पुसता येणारी यादी, तिचे आणि तलाठ्याच्या नमुना सहाचे तत्त्व एकच आहे. तलाठ्याचे पदनाम अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. येथे जुनाच शब्द वापरला आहे, कारण लोकांच्या तोंडी तोच आहे.

दुसऱ्या कचेरीत झालेला बदल गावाच्या दप्तराला कसा कळावा, याचीही सोय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये आहे. कलम १४९ प्रमाणे ज्याला जमिनीत हक्क प्राप्त झाला त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला वर्दी द्यावयाची असते. परंतु नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळाला असेल तर या वर्दीतून त्याला सूट आहे. कारण उघड आहे. कलम १५४ प्रमाणे दस्त नोंदविणाऱ्या अधिकाऱ्यानेच ती खबर महसूल खात्याकडे पाठवावयाची आहे. म्हणजे नागरिकावरील भार काढून कायद्याने तो दोन कचेऱ्यांमधील टपालावर टाकला. टपाल पोहोचले नाही, तर खरेदीदार आपले काम झाले या समजुतीत राहतो आणि सातबारा जुन्याच नावाने चालू राहतो.

ई-फेरफार प्रकल्पाने हे टपाल विजेच्या वेगाने नेण्याची व्यवस्था केली. दुय्यम निबंधकांच्या कचेरीतील आय-सरिता आणि महसूल खात्याची प्रणाली एकमेकींशी जोडल्या गेल्या. दस्त नोंदला की सूचना गावाच्या दप्तराकडे जाते व तेथे फेरफाराची कारवाई सुरू होते. ज्याच्याकडे बदल झाला त्याने दुसऱ्याला हाक द्यावी, अशी ही रीत. डेटाबेसमध्ये अशी हाक देणारी किल्ली बसविता येते, तिला ट्रिगर म्हणतात. हाक देण्याची ही रीत सर्वांत जलद आहे, पण तिच्यावर संपूर्ण विसंबणे धोक्याचे आहे. हाक दिली त्या क्षणी ऐकणारा बंद असेल तर ती हवेत विरते. डहाणूच्या पूर्वेकडील व तलासरीच्या डोंगराळ पाड्यांत वीज व जाळे यांचा भरवसा किती, हे तेथे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना सांगावयास नको. उलट, पोचपावती आली नाही म्हणून पाठविणाऱ्याने तीच सूचना दुसऱ्यांदा पाठविली, आणि घेणाऱ्याने ती नवी समजून पुन्हा नोंदली, तर एकाच व्यवहाराचे दोन फेरफार होतील. म्हणून प्रत्येक सूचनेवर दस्ताचा क्रमांक असावा आणि तो क्रमांक आधी आलेला आहे किंवा काय हे पाहिल्याशिवाय नोंद होऊ नये. क्रमाचाही प्रश्न आहे. खातेदार वारला, मुलांची वारसनोंद व्हावयाची आहे, आणि त्यापूर्वीच एका मुलाने केलेल्या हक्कसोडपत्राची सूचना येऊन थडकली, तर दप्तरात त्या मुलाचे नावच नाही! अशी सूचना टाकून द्यावयाची नसते व घाईने नोंदावयाचीही नसते. आधीचा फेरफार होईपर्यंत ती प्रलंबित ठेवावयाची असते.

दुसरी रीत म्हणजे स्वतः जाऊन पाहण्याची. कारकुनाने दर घटकेने दप्तरखोलीत डोकावावे. रीत सोपी आहे, हाक चुकण्याचे भय नाही, परंतु फेऱ्या वाढतात आणि दोन फेऱ्यांच्या मधला काळ आंधळा राहतो. फेऱ्या किती अंतराने घालाव्यात, हे नक्कल शिळी राहिल्याने कोणाचे किती बिघडते यावर ठरवावे. गावाच्या लोकसंख्येचा आकडा आठ दिवस जुना असला तर कोणाचे अडत नाही. जमीन मोजून घेऊन मोबदल्याचा धनादेश लिहिला जात असताना खातेदाराचे नाव एक दिवसही जुने असता कामा नये.

अनुभवी तंत्रज्ञ या दोन्ही रीतींचा मेळ घालतात, आणि तो घालताना आधार घेतात तो फेरफार क्रमांकाचाच. नक्कल ठेवणाऱ्याने आपण शेवटी वाचलेला क्रमांक लिहून ठेवावा. हाक आली तर उत्तमच. न आली तरी ठरलेल्या वेळी जाऊन त्या क्रमांकापुढील नोंदी तेवढ्या वाचाव्यात. संपूर्ण दप्तर पुन्हा उतरवून घेण्याचे कारण पडत नाही, आणि मध्ये दोन दिवस वीज नव्हती म्हणून काही सुटतही नाही. सातबाऱ्याचा जो सुधारित नमुना २०२० मध्ये आला, त्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक छापला जातो आणि प्रलंबित फेरफार आहे किंवा नाही हेही दर्शविले जाते. उताऱ्यावरील या दोन बारीक ओळी बहुतेक लोक वाचत नाहीत. वस्तुतः त्या नावाइतक्याच महत्त्वाच्या आहेत, कारण हातातील नक्कल कोणत्या क्षणापर्यंत खरी आहे, ते त्याच सांगतात. डिजिटल स्वाक्षरी उतारा अस्सल असल्याची ग्वाही देते. स्वाक्षरीनंतर गावात काय घडले, याची ग्वाही तिला देता येत नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. बदल कळणे आणि बदल मान्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहरातील एखाद्या व्यापारी पेढीच्या संगणकात एकीकडे आकडा बदलला की दुसरीकडे तो तत्क्षणी बदलावा, हेच योग्य. डहाणू व तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर महसूल अधिनियमाच्या कलम ३६ व ३६-अ अन्वये कडक बंधने आहेत; १९७४ मध्ये कलम ३६-अ आले ते हस्तांतराचे प्रकार वाढत चालले म्हणूनच. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमिनीचे हस्तांतर रोखण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायत यांच्याकडे असावा, असे म्हटले आहे. तेव्हा दस्त नोंदला गेला एवढ्यावरून सातबाऱ्यावरील नाव यंत्राने बदलून टाकावे, अशी मांडणी या भागात घातक ठरेल. दस्ताची सूचना ही खबर आहे. निर्णय मंडळ अधिकाऱ्यांनी नोटिशीची मुदत संपल्यावर, हरकत असल्यास ती ऐकून, परवानगीचा कागद पाहून द्यावयाचा आहे. नोटिशीचे ते पंधरा दिवस म्हणजे वेळेचा अपव्यय, असे काही उत्साही मंडळींना वाटते. पाड्यावरील माणसाला वाचून दाखविणारा कोणी भेटून तो तालुक्याला पोहोचावयाचा, तर पंधरा दिवस फार नव्हेत.

दस्ताची खबर निदान पाठविली तरी जाते. मृत्यूची खबर मात्र जमिनीच्या दप्तराला पाठविण्याची जबाबदारी प्रत्यक्षात वारसांवरच राहिली. जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. त्याच गावात तलाठ्याचे दप्तर असते. दोन नोंदवह्यांमध्ये अंतर दोनशे पावलांचे, पण एकीतला बदल दुसरीत जावयास कधी कधी दोन पिढ्या लागतात. वारसांनी अर्ज करावा ही अपेक्षा रास्त आहे. परंतु दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा मच्छीमारी बोटींवर कामाला जाणाऱ्या कुटुंबाला तीन महिन्यांची मुदत केव्हा सुरू झाली व केव्हा संपली, हे समजत नाही. आजोबांच्या नावावर जमीन कसली जाते, आणि कसण्यापुरते काही अडत नाही. अडते ते द्रुतगती मार्ग किंवा रेल्वेमार्गाची आखणी शेतातून गेल्यावर. मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वे व मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग हे दोन्ही या तालुक्यांतून जाणारे. नोटीस निघते मृताच्या नावाने; मोबदला घ्यावयाचा तर वारस सिद्ध करावयाचे, आणि तेवढ्यात भावकीत तंटा उभा राहतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने याची दखल घेतली आहे. प्राथमिक अधिसूचनेनंतर दोन महिन्यांत जमिनीचे अभिलेख अद्ययावत करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांनी पूर्ण करावे, असे कलम ११ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे नक्कल वापरण्यापूर्वी ती ताजी करून घ्या, ही संगणकशास्त्रातील शिकवण येथे कायद्याचे कलम होऊन बसली आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर राबविली, ती याच दुखण्यावर. बुलढाणा जिल्ह्यात आधी प्रयोग झाला. नंतर गावोगाव चावडीवाचन करून मृत खातेदारांच्या याद्या करण्यात आल्या व वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेण्यात आले. मोहीम स्तुत्य आहे. परंतु मोहीम म्हणजे साचलेला गाळ एकदा उपसणे. दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतील नवी नावे तलाठ्याकडे गेली नाहीत, तर गाळ पुन्हा साचेल. जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही माहिती इतर शासकीय नोंदींसाठी उपलब्ध करून देण्याची वाट मोकळी केली आहे. त्या वाटेवर यंत्रणा धावू लागेपर्यंत एक साधी चिठ्ठीही पुरेशी आहे, आणि ती पाठविण्यास कोणत्याही सर्व्हरची गरज नाही.

दोन दप्तरे जुळवावयाची तर कोणत्या नोंदीची जोडी कोणत्या नोंदीशी, हे आधी ठरले पाहिजे. ते नावावरून ठरविणे या भागात फसवे आहे. एकाच पाड्यावर एकाच नावाची चार माणसे असतात, वडिलांचे नावही कित्येकदा तेच. सातबाऱ्यावर 'लाडक्या', शाळेत 'लाडका', आणि आधारवर इंग्रजी अक्षरांतून फिरून आलेले तिसरेच काही. यंत्राला ही तीन माणसे वाटतात. म्हणून माणसाला, भूखंडाला व गावाला न बदलणारा ओळख क्रमांक हवा, आणि जुळणी त्यावरूनच व्हावी. गावाची सीमा, तालुका, जिल्हा हे सारे बदलू शकते. १९६० मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातकडे गेला व काही गावे महाराष्ट्रात राहिली; १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निघाला. गाव जागचे हलले नाही, पण ते कोणाच्या यादीत आहे ते बदलले. अशा प्रसंगी ज्या प्रणालीने जिल्ह्याचे नाव हेच ओळखचिन्ह मानले असेल, तिच्या लेखी गाव हरवतेच.

वनहक्काच्या नोंदींत हीच गुंतागुंत अधिक आहे, कारण तेथे दोन खात्यांची दोन दप्तरे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला हक्क वारसाने जातो, परंतु विकता येत नाही. आणि विवाहितांच्या बाबतीत तो पतिपत्नी दोघांच्या नावे असतो. नियमांत २०१२ च्या सुधारणेने असे ठरले की हक्क निश्चित झाल्यावर अंतिम नकाशा करून महसूल व वन या दोन्ही खात्यांच्या अभिलेखांत तो तीन महिन्यांच्या आत किंवा राज्याच्या कायद्यातील मुदत त्याहून कमी असल्यास त्या मुदतीत घ्यावा. एका दप्तरात घेतला व दुसऱ्यात राहिला, तर दावेदार एका कचेरीत हक्कदार ठरतो आणि दुसऱ्या कचेरीत अतिक्रमणदार. पत्नीचे नाव उतरविताना गळाले, तर ते गळाल्याचे बहुधा पती वारल्यावरच लक्षात येते.

पिकाच्या नोंदीचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवितो. आधारभूत भाताच्या खरेदीसाठी नाव नोंदविताना सातबाऱ्यावर भातपिकाची नोंद लागते. मोबाइलमध्ये नोंद केली पण ती मुख्य यंत्राकडे चढलीच नाही, असे झाल्यास शेतात भात आणि दप्तरात पड. शिक्षकांनी या कामी शेतकऱ्यांना एवढे समजावून दिले तरी पुरे की, 'नोंद केली' यापेक्षा 'नोंद पोहोचली' हा संदेश पाहावा.

बदल पोहोचविण्याची व्यवस्था कितीही चांगली असली, तरी अधूनमधून दोन्ही दप्तरे समोरासमोर ठेवून ताळा घ्यावाच लागतो. गावातील सातबाऱ्यांवरील क्षेत्राची बेरीज भूमी अभिलेख खात्याच्या आकारबंदाशी जुळली पाहिजे. न जुळल्यास कोठे तरी एखादा बदल एका बाजूस झाला व दुसऱ्या बाजूस राहिला, हे नक्की. बेरीज जुळली म्हणजे नावे बरोबर आहेत असे मात्र नव्हे, आणि नावांचा ताळा कोणत्याही यंत्राला घेता येत नाही. त्यासाठी चावडीवाचन आहे. संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी पडताळताना २०१७ मध्ये राज्यभर ते झाले, आणि पडताळणीत सापडलेले लेखनप्रमाद कलम १५५ खाली दुरुस्त करण्याची सोय आहे. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर वर्षातून दोनदा तरी प्रलंबित फेरफारांची यादी, त्या सहा महिन्यांतील मृत्यूंची यादी आणि नव्या वनहक्क धारकांची यादी अशा तीन याद्या ठेवाव्यात व त्या मोठ्याने वाचाव्यात. वाचणारा शिक्षक असला तर उत्तम, कारण वारली व कोकणा बोलीतील नावांचे उच्चार त्याच्या कानावरचे असतात. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे पावसाळ्यात गावी असतात. तेव्हा यांपैकी एक वाचन भातलावणी आटोपल्यावर, ऑगस्टमध्ये ठेवणे सोयीचे पडेल.